दोन बोटं खाली

बाहेर दुकानात भांडण पेटलं तेव्हा खातून पडद्याआड तांदूळ निवडत बसली होती. दुकान म्हणजे काय, कापूरहोळच्या फाट्यावर रस्त्याला तोंड करून उभी केलेली पत्र्याची खोली. पुढं सायकली, मागं संसार आणि मधे एक विटका पडदा. गिऱ्हाइकानं दिलेली शिवी आधी तिच्या नवऱ्याला, अल्लाउद्दीनला लागायची आणि मग पडद्यातून थेट खातूनच्या ताटात येऊन पडायची.

"तूच सीट वर केलीस! तूच!" बाहेरचा माणूस ओरडत होता. आवाज वरच्या वाडीच्या सोनबाचा होता.

"सोनबा, तुझ्या गेनूनंच सांगितलं व्हतं. म्हनला, गुडघं दुखत्यात, जरा वर घे."

"त्यो म्हनला असता हिरीत ढकल, तर ढकलला असतास?"

"तसं न्हाई रं..."

"मग कसं? समोरनं ट्रक आला, माझ्या भावानं पाय टाकला, अन् पाय भुईला पोचलाच न्हाई. आडवा झाला चाकाखाली. त्या सीटनं खाल्लं त्याला."

अल्लाउद्दीन आता काय उत्तर देतो ते ऐकायला खातूननं हात थांबवला. हा माणूस एरवी ट्यूबला भोक एक की दोन यावरून गिऱ्हाइकाशी दुपारपर्यंत हुज्जत घालायचा. त्या दिवशी पडद्यापलीकडून काही म्हणता काही आलं नाही. मग सोनबाच्या वहाणांचा आवाज रस्त्याकडं गेला.

त्यानंतर अल्लाउद्दीननं कुणाची सीट वर घेतली नाही. सायकल कुणाचीही असो, तो माणसाला आधी बसवायचा, दोन्ही तळवे भुईला सपाट टेकतात का ते वाकून बघायचा आणि टेकत नसले तर टेकेपर्यंत सीट खाली ठोकायचा. गिऱ्हाईक कुरकुरायचं.

"अल्लाउद्दीनभाई, ही सायकल हाय का पाट?"

"पाटावरनं पडून कुनी मेलेलं ऐकलंय का?" तो विचारायचा.

फाट्यावरून कुणी गुडघे कानाला लावून सायकल मारत चाललं, की लोक ओळखायचे, ही ह्याच्या हातची.

त्या वेळी इरफान लहान होता. इरफान खातूनचा धाकटा भाऊ. आई गेली, बापानं दुसरं घर केलं आणि त्या घरात ह्या पोराला जागा उरली नाही, तेव्हा खातूननं त्याला भोरहून उचलून आपल्याकडं आणलं. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. अल्लाउद्दीन म्हणाला, "आला तर आला. दुकानात हात लागंल." हात काही लागला नाही. मास्तर सांगायचे, पोरगं हुशार आहे, फक्त वर्गात नसतं. खरंच नसायचं, नदीच्या डोहात असायचं. पंक्चर काढायला बसवलं तर पंक्चर काढायचा, मग सायकल नीट चालते का बघून येतो म्हणायचा आणि दिवे लागायच्या वेळी यायचा. गिऱ्हाईक बिचारं तोवर दुकानात चहा पीत बसलेलं.

शेवटी नसरापूरच्या बेकरीच्या रघुवीरशेठनं त्याला पाव टाकायला ठेवलं आणि घराला हायसं वाटलं. काळ्या जड सायकलला मागं दोन बाजूंना पत्र्याचे डबे, वर पाटी. भल्या सकाळी बेकरी, मग मार्गासनी, मग वेल्हे, आणि एक दिवसाआड पुढचे चढ चढून पासली. पावसाळ्यात त्या अंगाला पाऊस कोसळतो तो असा, की समोरचा बैल दिसत नाही. तेव्हा इरफान स्वतःच्या अंगावरचं प्लॅस्टिक काढून डब्यांवर घालायचा. माणूस वाळतो, पाव वाळत नाही, हा त्याचा हिशोब. अशी बरीच वर्षं गेली. मुली सांगून यायच्या. पाहुणे विचारायचे, मुलगा काय करतो? पाव टाकतो. कशावरून? सायकलवरून. मग पाहुणे चहा संपवायचे आणि एसटीची वेळ झाली म्हणायचे.

सातारा रस्ता रुंद व्हायला लागला त्या सुमाराला पुण्याचे सायकलवाले रविवारी फाट्यावर दिसू लागले. अंगाला चिकटलेल्या रंगीत चड्ड्या, डोक्यावर भोकाभोकाच्या टोप्या. त्यांतला एक प्रद्युम्न. हा मूळचा भोरचाच, कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. पुण्यात इंजिनिअर झालेला. एका रविवारी मार्गासनीच्या पुढं त्याची ट्यूब फुटली आणि इरफान रिकामे डबे घेऊन परत येत होता. इरफाननं त्याची हलकीफुलकी सायकल डब्यांवर आडवी बांधली, साहेबाला पुढं दांडीवर बसवलं आणि कापूरहोळपर्यंत आणून दुकानापुढं उतरवला. एवढा घोडा झालेला माणूस पोरासारखा दांडीवरून उतरताना बघून खातूनला पदर तोंडाला लावावा लागला.

पण प्रद्युम्न हसत नव्हता. "मावशी," तो खातूनला म्हणाला, "वाटभर ह्याचा श्वास माझ्या कानाशी होता. ह्याला दम कसा तो लागलाच नाही."

"लागंल कशानं? लगीन कुठं झालंय त्याचं," खातून म्हणाली.

मग प्रद्युम्ननं ते सगळं समजावून सांगितलं. एक शर्यत असते. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, सायकल टाकली की धावत सुटायचं. तिन्ही एका दमात.

"कुनी मागं लागलेलं असतं का?" खातूननं विचारलं.

"कुणी नाही. हौसेनं."

पुण्यात त्यांचा एक क्लब होता. क्लब त्या वर्षी गावाकडची तीन पोरं घेणार होता. राहणं, जेवण, शिकवणारा माणूस आणि एका सभासदाच्या कारखान्यात कायमची नोकरी. त्यासाठी एक चाचणी होती. वयाची अटही होती, आणि इरफान त्या अटीत जेमतेम बसत होता. पुढच्या वर्षी बसणार नव्हता. इकडं रघुवीरशेठनं सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर पाव टेम्पोतून जाईल, टेम्पो त्यांचा पुतण्या चालवील. पायडल मारण्यापलीकडं इरफानला काही येत नव्हतं. म्हणजे ती चाचणी एवढंच काय ते दार होतं, आणि तेही किलकिलं.

प्रद्युम्ननं आपली जुनी सायकल आणून दिली. ती बघायला फाट्यावरचं निम्मं हॉटेल गोळा झालं. सडपातळ, करड्या रंगाची. कॅरियर नाही, मडगार्ड नाही, घंटीसुद्धा नाही. हँडलच्या मधोमध पुढं निघालेले दोन दांडे आणि त्यांच्या मुळाशी कोपरं टेकायला दोन वाट्या. प्रद्युम्न त्याला एरोबार म्हणायचा. अल्लाउद्दीन शिंगं म्हणायचा.

सायकल प्रद्युम्नच्या मापाची आणि प्रद्युम्न उंच. इरफान पडला मधल्या बांध्याचा. तेव्हा बसवण्याचं काम सुरू झालं. प्रद्युम्ननं त्याला भिंतीशी धरून वर बसवला, गुडघ्यापासून ओळंबा सोडला, जसा गवंडी भिंतीला सोडतो. सीट पुढं सरकवली, वर घेतली, अर्धं बोट खाली, पुन्हा पाव बोट वर. शिंगं मागं ओढली. कोपरं खांद्यांच्या खाली आली पाहिजेत, पाठ सपाट पाहिजे आणि मांडी वर येताना पोटाला लागता कामा नये, नाहीतर श्वास कोंडतो. दोन-तीन रविवार ह्यातच गेले. शेवटी सीटच्या पाइपावर त्यानं पांढऱ्या रंगाची खूण केली. "ही तुझी जागा. ह्याच्याखाली नाही, ह्याच्यावर नाही."

इरफान पहिल्यांदा त्या दांड्यांवर ओणवा झाला तेव्हा खातून म्हणाली, "हे काय रं? नमाजाच्या सजद्यात बसूनच पुन्याला जायचं का?"

"आपा, वारा कापायचा असतो."

"वाऱ्यानं काय केलंय तुझं?"

बोलायला ती बोलली, पण वाट्यांतल्या गाद्या विरून गेलेल्या आणि इरफानच्या कोपरांची सालं निघालेली तिनंच बघितली. जुन्या गोधडीचे तुकडे घेऊन तिनं दोन गाद्या शिवल्या, आत कापूस दडपून भरला. पहिल्या फुगीर झाल्या, कोपर घसरायचं. उसवून पुन्हा शिवल्या, मधे खोलगट, कडेला जाड. तो बसला की ती शेजारी उभी राहायची आणि मांडी कुठवर येते, कोपर कुठं बसतं ते बघायची. त्याची मान रोज आखडायची. मान वर करून बघायची सवय कुठली असायला, पाववाला माणूस आयुष्यभर ताठ बसलेला. मग खातून गरम तेल लावून मान चोळायची. खरं तर दांडा थोडा लांबच पडत होता. प्रद्युम्न म्हणायचा, आखूड सायकल मिळाली असती तर बरं झालं असतं, पण आता आहे त्यात भागवू. इरफानला सगळंच बरं वाटायचं. चाचणीची तारीख ठरल्यापासून तो झोपेतसुद्धा पाय हलवायचा.

अल्लाउद्दीन मात्र ह्या सगळ्यात फक्त पाय बघत होता.

"चाचा, ह्यात बसल्या बसल्या पाय टेकवायचे नसतात," प्रद्युम्ननं त्याला सांगितलं. "थांबायचं असलं की सीटवरून पुढं उतरायचं."

"ट्रक काय इचारून येतो?"

"अहो, शर्यतीत ट्रक कुठला?"

"बरं, ब्रेक कुठं हाय?"

"बाजूच्या हँडलवर. दांड्यावरचे हात सोडून तिकडं न्यायचे."

"मंजी हात ब्रेकवर न्हाई, पाय भुईवर न्हाई," अल्लाउद्दीन म्हणाला. "मग मानूस हाय तरी कशावर?"

प्रद्युम्न हसला. त्याला काय माहीत, हा प्रश्न कुठून येतोय. खातूनला माहीत होतं, पण सोनबाचं ते भांडण घरात कुणी काढत नसे. ते पडद्यासारखं होतं. असायचं, बोलायचं नाही.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात इरफान सराव करून फाट्यावर वळत होता आणि भोरची एसटी आडवी आली. तो दांड्यांवर ओणवा होता. हात कसेबसे ब्रेकवर नेऊन त्यानं सायकल थांबवली, पाय खाली गेला, भुई सापडली नाही, आणि तो कडेच्या खडीत आडवा झाला. लागलं काही नाही, कोपर खरचटलं. ड्रायव्हरनं खिडकीतून चार शब्द ऐकवले. इरफान उठून हसतसुद्धा होता. अल्लाउद्दीन हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच धरून उभा होता. गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, बुडबुडं कवाच थांबलं," तरी त्याला ऐकू गेलं नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी इरफान नसरापूरला शेठकडं रजा सांगायला गेला होता. खातून आत भाकरी थापत होती. बाहेर ठोकण्याचा आवाज आला, दबका, फडकं गुंडाळून ठोकल्यासारखा. कुणाचं तरी मडगार्ड असेल म्हणून तिनं दुसरी भाकरी घेतली. काळोख पडायच्या आत प्रद्युम्नची जीप आली आणि सायकल घेऊन गेली.

सकाळी खातून, अल्लाउद्दीन आणि इरफान भाजीच्या टेम्पोतून पुण्याला गेले. तलावापाशी ही गर्दी. सायकली आधीच रांगेनं स्टँडवर टांगलेल्या. इरफान पाण्यात उतरला आणि खातूननं डोळे मिटून घेतले, तेवढ्यात लोक ओरडायला लागले. पोरगं दुसरं बाहेर आलं. दुसरं! निथळत्या अंगानं सायकलकडं पळालं. खातूननं शेजारच्या बाईला, ओळख ना पाळख, सांगून टाकलं, "माजा भाऊ हाय त्यो."

सायकलीचे फेरे रस्त्यावर होते आणि रस्ता दोन्ही बाजूंनी बंद केलेला. पहिल्या फेऱ्याला इरफान समोरून गेला तेव्हा दांड्यांवर ओणवा होता, पण खातूनच्या मनाला काहीतरी टोचलं. दुसऱ्या फेऱ्याला तिनं नीट बघितलं. गुडघा वर येताना पोटात घुसत होता. प्रत्येक पायडलला त्याचं धड उचकी लागल्यासारखं हलत होतं. तिसऱ्या फेऱ्याला तो उठून बसला होता, हात बाजूच्या हँडलवर, छाती वाऱ्याला दिलेली, पाव टाकायला निघाल्यासारखा. एकेक जण त्याच्या बाजूनं वाकून पुढं सटकत होता.

"अवो," खातून म्हणाली, "ह्याचं गुडघं पोटात का जात्यात? घरी न्हवतं जात."

ती अल्लाउद्दीनकडं वळली. तो रस्त्याकडं बघतच नव्हता, स्वतःच्या हातांकडं बघत होता.

"दोनच बोटं," तो म्हणाला. "दोनच बोटं खाली घेतली गं. पाय तरी पोचंल म्हनून."

खातूननं रस्त्यावर नजर टाकली. ट्रक सोडा, त्या रस्त्यावर समोरून कुत्रंसुद्धा यायचं नव्हतं. दोरी बांधून माणसं उभी केली होती त्यासाठी. तिला ओरडावंसं वाटलं, ह्याला धरून हलवावंसं वाटलं. पण त्याचा चेहरा बघून तिनं उचललेला हात खाली घेतला. सोनबाला उत्तर न देता हा माणूस जसा गप्प राहिला असेल, तसाच आज उभा होता, फरक इतकाच की मधे पडदा नव्हता.

पुढच्या फेऱ्याला प्रद्युम्ननं इरफानला थांबवलं आणि सहाकोनी पाना घेऊन सीटवर वाकला. पाना नुसताच गरगर फिरला. अल्लाउद्दीनकडं त्या मापाचा पाना नव्हता. त्यानं भलत्याच पान्याला पत्रा गुंडाळून जोर लावला होता आणि बोल्टाचं तोंड गुळगुळीत करून ठेवलं होतं. सीट आता ना वर जात होती ना खाली. "जा, तसाच जा," प्रद्युम्न ओरडला. इरफान गेला. सायकल टाकून धावायला लागला तेव्हा पोटऱ्यांत गोळे आले. शेवटचा तुकडा तो चालत आला, एका पायावर झुकत, लाजेनं कुणाकडं न बघता. तिघांची नावं तोवर पुकारून झाली होती.

"सीट कुणी हलवली?" प्रद्युम्न त्याच्यापुढं उभा राहिला. "खूण गेली कुठं?"

इरफान जमिनीवर पाय पसरून बसला होता. त्यानं सीटकडं बघितलं, पाइपावरचे ओरखडे बघितले. मग मान वर करून दाजींकडं बघितलं. अल्लाउद्दीननं तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी इरफानच बोलला.

"म्याच. अंगवळनी पडंना मला."

"अरे मग मी कशासाठी एवढे रविवार..." प्रद्युम्न म्हणाला आणि पुढचं त्यानं गिळलं. चांगलाच होता तो. पण चांगल्या माणसाच्या हातातसुद्धा त्या दिवशी काही नव्हतं. नियम म्हणजे नियम, चाचणी एकदाच. पुढच्या वर्षी वय गेलेलं. करडी सायकल त्यानं जीपवर चढवली, कोपराच्या गाद्या सोडवून खातूनच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "मावशी, ह्या तुमच्या."

परतताना खेड शिवापूरला टेम्पो थांबला. अल्लाउद्दीन उतरून गरम भजी घेऊन आला आणि कागद इरफानपुढं धरला. इरफाननं खाल्ली. एक भजं दाजींना दिलं, एक आपाला. बघणाऱ्याला वाटलं असतं, लग्नाहून परत चाललेत.

त्या गोष्टीवर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. बोलून संपायला ती एकटी गोष्ट थोडीच होती, तिच्यामागं गेनूची सीटही होती. फक्त दुकानात एक बदल झाला. कुणी सीट वर-खाली करायला आलं की अल्लाउद्दीन पाना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "तुमीच बघा," म्हणायचा आणि आत येऊन उगाच पाणी प्यायचा. खातून म्हणायची, "एवढं पानी पिऊन हिरीला तरी काय ऱ्हाईल?" पण तिलाही ते विनोदाचं वाटत नव्हतं. इरफाननं शिरवळच्या बाजूला एका गोदामावर राखणदाराचं काम बघून ठेवलं. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचं. त्याला विचारलं, जमंल का रं? तर म्हणाला, "बसायचंच तर हाय."

दिवाळी झाली. बेकरीपुढं रघुवीरशेठचा टेम्पो येऊन उभा राहिला, त्याला हार घातला, नारळ फोडला. शेठनं इरफानला सांगितलं, आजचा फेरा तेवढा टाक, उद्यापासून हा जाईल.

इरफाननं डबे पुसले, खाली कागद अंथरला, पाव उभे लावले, वरच्या पाटीत खारी आणि टोस्ट. मार्गासनीत चहावाल्याकडं थांबला, वेल्ह्यात तीन दुकानं केली. पुढचे चढ सायकलवरून उतरून, ती ढकलत चढला. त्या दिवशी पासलीत काय झालं ते खातूनला फार नंतर, वेल्ह्याच्या बाजारात कळलं. पासलीची फुलाबाई भेटली आणि तिनं आपण होऊन सांगितलं.

फुलाबाई खळ्यावर भात झोडत होती. अंगभर तूस उडालेलं, हात मोकळे नव्हते. इरफाननं सायकल बांधाला टेकवली आणि विचारलं, "मावशी, किती ठिवू?"

"रोजच्यावानी. घरात ठिव, टोपल्यात. अन् वर परात घाल, मांजर लई चोरटी हाय."

तो घरात गेला, पाव टोपल्यात रचले, वर परात पालथी घातली, परातीवर पाटा ठेवला. बाहेर आला तशी ती पेंढी आपटता आपटता म्हणाली, "अन् परवाच्याला दोन जास्ती आन रं बाबा. लेक येनार हाय माजी."

"बरं," इरफान म्हणाला.

त्यानं डब्याची कडी लावली, सायकल वळवली आणि घंटी वाजवत पुढच्या घराकडं गेला.